जितूचा हात

दसऱ्याच्या सकाळी जितेंद्र नवघर रोडवर फाफडा-जिलेबीच्या रांगेत उभा होता आणि उजव्या हाताच्या बोटावरची चिकटपट्टी कशी लपवावी याच्या विवंचनेत होता. हात खिशात घातला तर जिलेबीचा पुडा कोण धरणार, आणि पुडा धरला तर पट्टी दिसणार. बोट कापलं होतं ते गेल्या शनिवारी, दादाच्या घरी, टणटणच्या पोटात. तिथे जितूचा हात गेला होता हे आईला, दादाला किंवा धाकट्या बहिणीला, पिंकीला कळलं असतं, तर दसऱ्याचा शिमगा व्हायला वेळ लागला नसता.

"भाजी चिरताना कापलं म्हणून सांग," स्वाती म्हणाली.

"मी भाजी चिरतो यावर कोण विश्वास ठेवेल?"

"मग खरं सांगून टाक. पन्नाशी उलटली तुझी, आईला काय घाबरतोस?"

"तू नव्हतीस तेव्हा," जितू म्हणाला. हे वाक्य तो लग्न झाल्यापासून म्हणत आला होता, आणि स्वातीला आता ते पाठ होतं.

ती तेव्हा नव्हती हे खरंच. त्या वेळी चेंदवणकरांना गिरगाव सोडून भायंदरला येऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती. जेसल पार्कात चार इमारती आणि बाकी मिठागरं, एवढाच मामला होता. जितूचे वडील, नाना, गिरगावातल्या एका हॉटेलच्या खेळघरात कामाला होते. गिऱ्हाइकांना नाणी बदलून द्यायची, काचा पुसायच्या, कुणी यंत्राला लाथ घातली की त्याला बाहेर काढायचं. खेळघर बंद पडलं तेव्हा मालकाने नानांना हवं ते एक यंत्र घेऊन जायला सांगितलं. नानांनी पंखा नेला नाही, गल्ला नेला नाही. त्यांनी जलपरीचं चित्र असलेलं पिनबॉलचं यंत्र टेम्पोत घातलं आणि थेट भायंदरला आणलं. चार पायांवर उतरती पेटी, वर काच, आत दिवे आणि खांब. दांडा ओढून लोखंडी गोळी वर पाठवायची आणि खाली आली की दोन पंज्यांनी पुन्हा वर मारायची. गोळी खांबाला लागली की घंटा वाजायची. घरात कुणी त्याला पिनबॉल म्हटलं नाही. ती टणटण होती, आणि अख्ख्या इमारतीतली पोरं तिच्यासाठी जिन्यात रांग लावायची.

मग तो दसरा आला. खंडेनवमीला नानांनी काच उतरवून टणटणला अंघोळ घातली. दसऱ्याला सकाळी आईने शिलाई मशीन, नानांची हत्यारं आणि टणटण यांची पूजा केली. काच अजून भिंतीला टेकलेलीच होती, म्हणून हळदकुंकू, अक्षता, झेंडू सगळं थेट आत वाहिलं. पूजा झालेल्या वस्तूला दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही, असा आईचा कायदा होता. फक्त विळीला सूट होती, कारण पुरीबरोबर बटाट्याची भाजी लागते. संध्याकाळी सगळे सोनं वाटायला बाहेर पडले. सोळा वर्षांचा जितू पोटात दुखतंय म्हणून मागे राहिला, आणि दार लागल्यावर त्याने काच बसवून टणटणचं बटण दाबलं. दिवे लागले. आकडे गरगर फिरून शून्यावर आले. गोळी मात्र आली नाही. त्याने पुन्हा दाबलं, पुन्हा दाबलं, आणि घरचे परत आले तेव्हा त्याचं बोट बटणावरच होतं.

त्यानंतर गोळी कधीच आली नाही. नानांनी दोन मेकॅनिक आणले, दोघांनी मान हलवली. टणटणवर गाद्या आल्या, मग टीव्ही आला, आणि पुढे दर भाद्रपदात गणपतीचं मखर तिच्यावर बसू लागलं. जितूच्या नावावर मात्र म्हण जमा झाली. घरात काही बिघडलं की आई म्हणायची, "जितूचा हात लागला वाटतं." मस्करीच होती ती, पण मस्करी पस्तीस वर्षं चालली की माणूस ती खरी मानायला लागतो. जितूच्या घरी बल्ब स्वाती बदलायची, सिलिंडर स्वाती लावायची, आणि ऑफिसात प्रिंटर अडला की साहेब असूनही जितू दोन पावलं मागे सरकून शिपायाला हाक मारायचा. या गोष्टीचं त्याला वाईट वाटायचं. तसं त्याने कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं असतं तर पिंकी हसली असती.

हा गुंता सोडवायला घेतला तो सुचेतावहिनीने. वहिनी टेलिफोन खात्यात तांत्रिक विभागात होती, मुदतीआधीच निवृत्ती घेऊन घरी बसली होती आणि घरी बसणं तिला मानवत नव्हतं. यंदा मखर उतरल्यावर तिने टणटणची, गोळी धावते ती फळी उचलून सहज आत पाहिलं आणि तिचा चेहरा माहेरची माणसं दिसावीत तसा उजळला. रांगेने रिले, कॉइली, पत्र्याच्या पट्ट्यांवर एकमेकांना भिडले की वीज पुढे जाऊ देणारे चांदीचे पॉइंट. "अहो, हे तर आमचं जुनं एक्स्चेंज आहे," ती म्हणाली. ईश्वरदादा म्हणाला, "तुझं एक्स्चेंज असेल, माझ्या हॉलमधली अडगळ आहे." घोडबंदरच्या एका रिसॉर्टवाल्याला दादाने टणटण देऊ केली होती. तो तिचं पोट रिकामं करून त्यात माशांची टाकी बसवणार होता. नवराबायकोत तह झाला: दसऱ्यापर्यंत चालू झाली तर राहील, नाहीतर दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी टेम्पो येईल.

वहिनीने रबरी कड्या मागवल्या, कॉइली तपासल्या. तिची एक्स्चेंजमधली मैत्रीण कार्मिन उत्तनहून येऊन काचेवरच्या जलपरीचे उडालेले खवले रंगवून गेली आणि जाताना म्हणाली, "रंग चांगला हाय, पन परीचा नाक माजासारका झाला." तरी एक हात कमी पडत होता, म्हणून वहिनीने जितूला फोन केला.

"माझा हात, वहिनी?"

"दोन आहेत ना तुम्हाला भावजी? कुठलाही चालेल."

शनिवारी जितूला सुट्टी असे, दादा कामावर असे आणि आई भजनी मंडळात. जितू चोरासारखा यायचा, वहिनी सांगेल तो पॉइंट घासायचा आणि आई यायच्या आत पसार व्हायचा. नाना हॉलमध्येच असायचे. ते काही बोलायचे नाहीत. जिन्यात पावलं वाजली की ते फक्त टीव्हीचा आवाज वाढवायचे, आणि तेवढ्यावर जितूला कळायचं की आता आवरतं घ्यायचं.

जिलेबीचा पुडा घेऊन जितू आणि स्वाती दादाच्या घरी पोचले तेव्हा पिंकी दहिसरहून येऊन गोष्टीला लागली होती. शेजारच्या मंजुबेन पुढ्यात बसून ऐकत होत्या.

"इतना धुआं निकला, मंजुबेन. मी नऊ वर्षांची होते, पण डोळ्यांनी बघितलं. जितूदादाने हाथ लगाया और एकदम स्पार्क."

"मागच्या वर्षीच्या गोष्टीत धूर नव्हता," जितू चपला काढत म्हणाला.

"होता. तू घाबरलेला होतास, तुला कुठून दिसणार?"

टणटण हॉलच्या मधोमध उभी होती. झेंडूचा हार, काचेवर हळदकुंकवाची बोटं, पुढ्यात आपट्याची पानं. आईची पूजा उरकली होती. जितूला बघताच वहिनीने त्याला स्वयंपाकघरात खेचलं आणि पुऱ्यांच्या आवाजात हळूच म्हणाली, "काल संध्याकाळी लावून बघितली. दिवे लागले, आकडे शून्यावर आले."

"आणि गोळी?"

"नाही आली."

जितूने जिलेबीचा पुडा ओट्यावर ठेवला. हेच त्याने तेव्हा पाहिलं होतं, अगदी असंच.

"तोंड कशाला पाडता? हीच तर चांगली बातमी आहे. म्हणजे तेव्हा जे अडलं ते तिथेच अडलंय, नवीन काही नाही. बाकीचे सगळे पॉइंट आपण बघितले. ट्रान्सफॉर्मरच्या मागे कोपऱ्यात एक रिले आहे, गोळी सोडणारा. तेवढाच राहिला." वहिनीने आपलं मनगट पुढे केलं. त्याच्यावर दोन्ही बाजूंनी लाल ओरखडे होते. "माझा हात इथपर्यंत जातो आणि अडतो. तुमची बोटं लांब आहेत."

"आज? सगळ्यांसमोर?"

"उद्या टेम्पो आहे."

"वहिनी, मी हात घातला आणि नाही चालली, तर पुढची पस्तीस वर्षं ऐकावं लागेल मला."

"आणि नाही घातला तर?" वहिनीने पुरी उलटली. "तरी ऐकावंच लागणार आहे. मग घालून ऐका."

जेवणं झाली. श्रीखंडाने सगळे सैल झाले होते. दादा पोटावरून हात फिरवत म्हणाला, "चला सुचेताबाई, तुमचं एक्स्चेंज जोडा बघू."

"आज हात लावायचा नाही," आई आतून बाहेर येत म्हणाली. "पूजा झालीय तिची."

"आई, उद्या सकाळी टेम्पो येतोय."

"मग परवा बोलव."

"शब्द दिलाय मी त्याला. आणि तहात दसऱ्यापर्यंतच ठरलं होतं."

"आई, आज तर सीमोल्लंघनाचा दिवस," स्वाती म्हणाली.

"ते गावाची सीमा ओलांडायला, स्वाती. माझी नव्हे."

दादा वहिनीकडे बघून खांदे उडवत होता आणि मनातून खूश होता, कारण कुणाशीही न भांडता त्याला सोफ्यासाठी जागा मिळत होती. तेवढ्यात टीव्ही बंद झाला. नानांनी रिमोट खाली ठेवला होता. नाना चार शब्द बोलायला चार दिवस घेणारे, त्यामुळे सगळ्यांचे चेहरे तिकडे वळले.

"शालन," नाना म्हणाले, "विळीला सूट देतेस ना तू?"

"विळीवर घर जेवतं."

"हिच्यावरही घर जेवलंय. बारा तास हिच्या शेजारी उभा राहायचो मी, तेव्हा गिरगावात चूल पेटायची." त्यांनी टणटणकडे पाहिलं. "माशांची टाकी व्हायच्या आधी एकदा ऐकू दे मला."

आईने पदर सारखा केला. तिला काही लागलं की ती पदर सारखा करायची, आणि मग थोडा वेळ कुणी तिच्याकडे बघायचं नाही, अशी घरात रीत होती.

"लावा हात," ती म्हणाली. "पण जितूचा नको."

"जितूभावजींचाच लागेल, आई," वहिनी म्हणाली. "माझा आत जात नाही."

"ईश्वरचा घाला."

दादाने आपला पंजा वर धरला. तो हात टणटणच्याच काय, बरणीच्या तोंडातूनही जात नसे. मंजुबेन हसल्या. पिंकीचं लक्ष मात्र दुसरीकडेच होतं.

"जितूदादा, बोटाला काय लागलंय रे?"

जितूने हात मागे घेतला आणि तिथेच सगळं उघडं पडलं. हात मागे घेणारा माणूस चेंदवणकरांच्या घरात आजवर कधी निर्दोष ठरला नव्हता.

"तू आधीच हात लावलायस," दादा म्हणाला.

"हो."

"कधी?"

"दर शनिवारी," जितू म्हणाला, आणि आपल्याच आवाजाने त्याला धीर आला. "गणपती गेल्यापासून. दिवे वहिनींनी जोडले, पण पंजे मी बसवलेत. घंटा मी घासलीय. आकडे फिरतात ना, ती चाकं मी पुसलीत, एकेक. काही बिघडलं नाही दादा. एक दिवाही गेला नाही."

"हे घरात चाललेलं आणि मला पत्ता नाही?" दादाने नानांकडे पाहिलं. "नाना, तुम्ही इथेच असता ना?"

"मी टीव्ही बघतो," नाना म्हणाले.

दादा काही बोलणार होता, पण हसू त्याच्या मिशीत आधीच येऊन बसलं होतं. त्याने जाऊन टणटणचा प्लग काढला, हार उतरवून हलकेच देव्हाऱ्याजवळ ठेवला आणि स्वतःच फळी उचलून धरली. "घाल बाबा. पण मोबाइलचा उजेड कुणीतरी धरा. याने चुकून दुसरंच काही उपटलं तर मासेवाला पण घेणार नाही."

स्वातीने उजेड धरला. वहिनीने जितूच्या हातात चिमटा दिला. जितू गुडघ्यांवर बसला आणि कोपरापर्यंत आत गेला. आत जुन्या तेलाचा आणि धुळीचा वास होता; त्याच्या शाळकरी वयातला तोच वास. बोटं ट्रान्सफॉर्मरच्या कडेने वळली, रिलेला लागली. एक पट्टी, दुसरी पट्टी. तिसऱ्या जोडीत पॉइंटला पॉइंट भिडत नव्हता. मध्ये काहीतरी होतं, बारीक आणि टणक.

"खडा आहे," तो म्हणाला.

"ओढू नका, बाजूला सरकवा. पट्टी वाकता कामा नये."

त्याने सरकवलं. चिमट्यात धरलं. हात बाहेर यायला वेळ लागला, कारण जितूला घाई करायची नव्हती. मग त्याने चिमटा उघडून ती वस्तू वहिनीच्या तळहातावर ठेवली.

तो तांदळाचा दाणा होता. काळपट पडलेला, पण एका अंगाला अजून लाल.

"तांदूळ?" पिंकी म्हणाली. "टणटणमध्ये तांदूळ कुठून आला?"

"उंदीर," दादा म्हणाला.

"उंदीर कुंकू लावून खातो का?" स्वाती म्हणाली.

आईने चष्मा मागितला. दाणा आपल्या तळहातावर घेऊन ती खिडकीपाशी गेली आणि घरातलं काहीही पारखावं तसं तिने तो पारखला.

"रेशनचा आहे हा, जाडा," ती म्हणाली. "तेव्हा आपल्याकडे हाच यायचा. आणि अख्खा आहे बघा. अक्षतांना मी तुटका दाणा कधी घेतला नाही. एकेक निवडून घेते मी, कुणालाही विचारा—"

आणि ती थांबली.

विचारायची कुणाला गरज नव्हती. उतरवलेली काच, आत वाहिलेल्या अक्षता, फळीतली भोकं. ज्यांनी तो दसरा पाहिला नव्हता त्या मंजुबेनसुद्धा आता सगळं समजून बसल्या होत्या. पिंकीने तोंडावर हात ठेवला. तिची धुराची गोष्ट त्या क्षणी संपली होती.

जितू अजून गुडघ्यांवरच होता. त्याला आनंद व्हायला हवा होता आणि तो होतही होता, पण त्याच्या आधी त्याला त्या सोळा वर्षांच्या मुलाची कीव आली, जो पुढे कितीतरी दिवस देवापाशी माफी मागत होता. डोळे पुसायला त्याने चिकटपट्टीवालाच हात वापरला, आणि ते कुणापासून लपवलं नाही.

"प्लग लावा," नाना म्हणाले. "बटण जितूने दाबायचं."

वहिनीने फळी बसवली, दादाने प्लग लावला. जितूने बटण दाबलं. दिवे लागले. आकडे गरगर फिरून शून्यावर आले. मग पोटात कुठेतरी खट् झालं आणि लोखंडी गोळी घरंगळत दांड्यापुढे येऊन उभी राहिली.

नाना उठले. काठी त्यांनी पिंकीच्या हातात दिली, दांडा ओढला आणि सोडला. टण. टण टण टण. पहिली गोळी लगेच पडली, दुसरी त्यांनी पंज्याने अशी मारली की दादा "अरे बापरे" म्हणून पुढे झाला आणि तिसरी गोळी आपल्याला मिळावी म्हणून रांगेत उभा राहिला. मंजुबेननी आपल्या दारातून घरच्यांना हाका मारल्या. थोड्या वेळाने जिन्यातली माणसं चपला काढायला जागा शोधत होती, आणि पिंकी प्रत्येकाला नवी गोष्ट सांगत होती. त्या गोष्टीत तिला पहिल्यापासूनच तांदळाचा संशय होता.

दादा फोन घेऊन गॅलरीत गेला. "हां भाई, टेम्पो मत भेजना," त्याचा आवाज ऐकू आला. "नहीं, नहीं, बेचना नहीं है. घर का मशीन है." वहिनीने ते ऐकलं आणि जिलेबीचा मोठा तुकडा तोंडात टाकला.

आई कुठे दिसत नव्हती. तिला माफी मागता येत नसे, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. तशी अपेक्षाही कुणी करत नव्हतं. जितू तर नाहीच. तो टणटणच्या बाजूला उभा राहून पंजे नीट उचलतायत ना ते बघत होता, तेव्हा आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिने छातीशी मिक्सर धरला होता. सकाळच्या पूजेची कुंकवाची दोन बोटं त्याच्यावर अजून ताजी दिसत होती. तिने तो जितूच्या पुढ्यात टेबलावर ठेवला.

"गेल्या दिवाळीपासून नुसता गुरगुरतोय," ती म्हणाली. "उघडून बघ जरा."

खेळणाऱ्यांचा आवाज कमी झाला. दादा गॅलरीच्या दारात थांबला.

"मी?" जितू म्हणाला.

"दुसरं कोण आहे इथे बघणारं?"

"आई, पूजा झालीय त्याची," दादा म्हणाला.

"मला सांगू नकोस. मीच केलीय."

दादा आत गेला आणि नानांच्या हत्यारांतला पिवळ्या मुठीचा स्क्रूड्रायव्हर घेऊन आला. त्यावरचं फूल त्याने बाजूला काढून ठेवलं आणि मूठ पुढे करून तो धाकट्या भावाच्या हातात दिला. जितूने मिक्सर उलटा केला. पहिल्या स्क्रूवर टोक टेकवून तो जरा अडला.

"आणि बिघडला तर, आई?"

"बिघडलेलाच आहे तो," आई म्हणाली, आणि पदर सारखा करत त्याच्या शेजारची खुर्ची ओढून बसली. "तू आधी आत कुठे तांदूळ अडकलाय का ते बघ."